एका नंबरावरचा पाडा

मी मसोली गावात घरी बसून मोबाइलची ॲप बनवायचो. २०१६ साली एका संस्थेने कासा इथल्या डोळ्यांच्या शिबिरासाठी नावनोंदणीचं ॲप माझ्याकडून करून घेतलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येणाऱ्यांची नावं पाड्यावरच भरायची, म्हणजे तेवढ्यांपुरती जीप पाठवता येते.

प्रत्येक माणसासाठी डेटाबेसमध्ये एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या माहितीची एक नोंद, तयार करायचा, त्याला ओळखीची खूण द्यायची आणि तो सेव्ह करायचा. खूण म्हणून मी मोबाइल नंबर घेतला. त्याच खुणेचा दुसरा ऑब्जेक्ट सेव्ह केला की पहिला पुसला जाई. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चाचणी करताना मी स्वतःच्या नंबरावर दोन नावं भरली होती आणि पहिलं गायब झालं होतं. खऱ्या वापरात एकाच नंबरावर दोन माणसं कोण घालतंय, असं म्हणून मी पुढे गेलो.

तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर ॲप चालेल असा फोन एकाकडेच होता. कारखान्यात रोजंदारीवर जाणारा, पन्नाशीचा माणूस. त्याच्याही एका डोळ्यात मोतीबिंदू होता. त्याने घरोघर फिरून म्हाताऱ्या बायकांची नावं भरली आणि प्रत्येकापुढे आपलाच नंबर घातला. दर वेळी ॲपने त्याला सांगितलं, 'नोंद सेव्ह झाली.' स्वतःचं नाव त्याने सगळ्यांच्या शेवटी भरलं.

शिबिराच्या सकाळी जीपबरोबर मीही गेलो. आपलं ॲप कसं चालतं ते मला बघायचं होतं, खरं तर मिरवायचं होतं. म्हाताऱ्या धुतलेली लुगडी नेसून, गाठोडी घेऊन चिंचेखाली बसल्या होत्या. ड्रायव्हरने यादीतलं एकच नाव वाचलं. त्या फोनवाल्याचं. बाकीच्या जागा पुढच्या पाड्यांच्या होत्या.

"आमची नावं कुठं गेली रं?" एका म्हातारीने त्याला विचारलं.

"काकी, सगळ्यांची घातली. तुझं तर तुझ्यासमोर घातलं."

"घातली, आन् धाडलं तेवढं आपलंच!"

दुसरी हसली. "फोन त्याचा, मग डोळे पण त्याचेच गं."

तो माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही सांगा ना यांना. मी भरली होती."

काय झालं ते मला तोवर पुरतं कळलं होतं. मी म्हणालो, "इथे नेटवर्कचा त्रास असतो. कदाचित नीट सेव्ह केलं नसेल."

तो जीपमध्ये चढला नाही.

घरी येऊन मी प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळी खूण दिली. फार वेळ लागला नाही. पुढच्या शिबिराला त्या पाड्यावरची नावं पुन्हा त्यानेच भरली, कारण फोन त्याच्याकडेच होता. यादी माझ्याकडे आली तेव्हा मी ती शेवटपर्यंत वाचली. सगळ्या म्हाताऱ्या होत्या. त्याचं नाव नव्हतं.

त्याला फोन करून खरं सांगता आलं असतं. त्याचा नंबर माझ्यासमोरच होता, प्रत्येक नावापुढे. मी फोन केला नाही.