साठ म्हणजे अठ्ठावन्न

पुण्यात चाकांवर चालणारी वाहनं किती लाख असतील ते मला ठाऊक नाही. पण त्या सगळ्यांच्या चाकांत हवा चुकीची आहे अशी ठाम खात्री असलेला माणूस या शहरात एकच आहे, आणि ते माझे व्याही आहेत. माझ्या मुलीचे सासरे. एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्यात त्यांची हयात गेली. म्हणजे इतर लोक ज्या काट्यांवर विश्वास ठेवतात, त्या काट्यांवर अविश्वास दाखवण्याचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, अविश्वास चालू राहिला.

त्यांची माझी खरी ओळख लग्नाच्या याद्या करण्याच्या बैठकीत झाली. मानपानाचं ठरत असताना त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि अत्यंत गंभीरपणे मला विचारलं, "आपलं वजन किती?" मुलाकडे व्याह्यांची तुला करायची पद्धत असावी, असं माझ्या थोरल्या बंधूंना वाटलं आणि त्यांनी काळजीनं "कशानं करणार?" असं विचारलंसुद्धा. मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो. "चपलांसकट?" एवढी शंका फेडून घेऊन त्यांनी आकडा लिहिला आणि म्हणाले, "उद्या आमच्या गाडीत बसलात, तर किती हवा ठेवायची ते आधी माहीत असलेलं बरं."

ही गाडी त्यांच्या वारज्याच्या सोसायटीत आवरणाखाली उभी असते. चाळीस वर्षांची, लाल, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं आणि उतरायचं म्हणजे जेवण अंगावर आल्यावर पाटावरून उठायचं. हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणून ते उन्हं यायच्या आत खाली उतरतात. हवा मोजायची तीन यंत्रं त्यांच्यापाशी आहेत. तिन्ही वेगवेगळे आकडे दाखवतात, आणि कुठलं किती खोटं बोलतं हे त्यांना पाठ आहे. एकदा स्वारगेटच्या बाजूला माझ्या गाडीत हवा भरायला थांबलो. हवा भरणाऱ्यानं "किती ठेवू?" असं रीतीप्रमाणे विचारलं. व्याही म्हणाले, "तुमच्या काट्यानं की खरी?" पुढची वीस मिनिटं मागच्या रिक्षांनी हॉर्न वाजवले. शेवटी त्या माणसानं नळी त्यांच्या हातात दिली आणि तो चहा प्यायला निघून गेला.

टायरच्या कडेला त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, हेही मला त्यांच्यामुळेच कळलं. कोणाच्याही घरी गेले की ते आधी पार्किंगमध्ये वाकतात. आमच्या शेजाऱ्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले, "आपला मागचा डावा टायर आपल्या धाकट्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. तिचं लग्न ठरतंय म्हणता, तर याचंही बघा." शेजारी अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

एवढ्या तयारीचा माणूस, पण त्यांची स्वतःची गाडी सहा वर्षं सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. मूळचे टायर वाळून तडकले होते आणि त्या मापाचे नवे मिळत नव्हते. मिळत होती ती दोन मापं. एक जास्त रुंद. ते वळणावर मडगार्डला घासणार. दुसरं घासणार नाही, पण त्याचा घेर किंचित लहान. म्हणजे वेगाचा काटा साठ दाखवील तेव्हा गाडी अठ्ठावन्ननं जात असेल. "दोन किलोमीटरनं काय बिघडतं हो?" मी एकदा अनवधानानं बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे, मुलगी देऊन गेलेल्या घराण्याविषयी उशिरा शंका आल्यासारखं पाहिलं. "काटा खोटं बोलणार, आणि ते मी रोज समोर बसून ऐकायचं?" म्हणून दर रविवारी ती स्पोर्ट्स कार झाडूवाल्या मावशींच्या ढकलगाडीमागून सोसायटीची एक फेरी मारी आणि परत आवरणाखाली जाई.

यात वाट बघत होत्या त्या विहीणबाई. त्यांचं माहेर वाई. गाडी आणली त्या दिवशी यांनी शब्द दिला होता, की पहिला लांबचा प्रवास तुझ्या माहेरी. सहा वर्षं त्या टायरचं ऐकत होत्या. मात्र त्यांनीही एक गोष्ट अडवून धरली होती: वहीत सगळ्या नातेवाइकांची वजनं होती, विहीणबाईंची जागा कोरी होती. "बायकोला असलं विचारत नाहीत," एवढं सांगून त्या पोळ्यांकडे वळत.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आमच्यासमोरच सांगितलं, "अहो, डॉक्टर म्हणाले, नंतर इतक्या खाली बसायचं नाही. म्हणजे आता दहा दिवस आहेत. तुमच्या टायरचं काय ते ठरवा, नाहीतर मी एसटीनं जाऊन येते." चहा निवला तरी व्याह्यांनी कपाला हात लावला नाही. मला त्यांची दया आली, खरंच आली.

चौथ्या दिवशी त्यांनी लहान घेराचे टायर बसवले. वाईला निघायच्या सकाळी आम्ही निरोप द्यायला वारज्याला गेलो, तर वेगाच्या काट्याखाली सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली होती: "साठ म्हणजे अठ्ठावन्न." मग ते यंत्र घेऊन टायरशी बसले आणि बसूनच राहिले. विहीणबाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं, काठी टेकत त्यांच्यापाशी गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी वही न काढता मान डोलावली आणि हवा भरायला घेतली. संध्याकाळी दोघं सुखरूप परतली. विहीणबाईंना गाडीतून उतरवायला तिघं लागले, आणि सगळा वेळ त्या हसत होत्या.

शस्त्रक्रिया छान झाली. आता त्या जिने चढतात, पण त्या गाडीत बसणं संपलं. परवाच्या रविवारी व्याही मला म्हणाले, "चला, चांदणी चौकापर्यंत." त्यांनी वही काढली, वजन विचारलं. मी एक्क्याऐंशी सांगितलं. त्यांनी लिहिलं, यंत्र लावलं, आकडा बघितला, थोडी हवा भरली आणि उठले.

"माझ्या वजनाची झाली?" मी विचारलं.

"नाही," ते आवरणाची घडी घालत म्हणाले. "वाईच्या दिवशीची आहे. आठवड्यात जेवढी उतरते तेवढीच भरतो." मग म्हणाले, "चुकीची आहे, मला कळतं. आपल्याला चालेल ना?"

मी चालेल म्हणालो आणि कसाबसा आत बसलो. त्यांनी यंत्र माझ्याच मांडीवर ठेवलं होतं. काटा अजून त्या आकड्यावरच होता; बटण दाबल्याशिवाय तो खाली येत नाही. त्यांच्या सहवासात मीही एवढं शिकलो आहे, की त्या आकड्यावरून विहीणबाईंचं वजन मला काढता आलं असतं. मी ते यंत्र उलटं करून ठेवलं आणि बाहेर बघत राहिलो.