खांबाआडची जागा

आमचं इनडोर स्टेडियम पाडून संपलं, त्या दिवशी सगळा गाव रस्त्याकडेला उभा राहून डोळे पुसत होता आणि आमचे हे जेसीबीवाल्याला चहा पाजत होते. नुसता चहा नाही, सोबत खाजा. लोकांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून निम्मा बाजार ह्यांच्याशी धड बोलत नाही. म्हणून म्हटलं, काय ते एकदा सगळं सांगून टाकावं. हे स्वतः सांगणार नाहीत, आणि लोक सांगतात ते अर्धवट.

आधी त्या रडणाऱ्यांचं सांगते. स्टेडियम पाडायचं ठरल्यापासून व्हॉट्सॲपवर जो तो आठवणींचा रतीब घालत होता. कुणाला छपरातली वटवाघळं आठवली, कुणाला तो लाऊडस्पीकर, ज्यातून फक्त ‘हॅलो’ तेवढं स्पष्ट ऐकू यायचं. एकाने लिहिलं, त्या वास्तूत माझा प्राण अडकलाय. अरे मेल्या, प्राण आत अडकला होता तर मॅच चालू असताना तू बाहेर भजीच्या गाडीवर काय करत होतास? आत बसायचो आम्ही. पावसाळ्यात छप्पर गळायचं, कबड्डीच्या मॅटवर बादल्या ठेवायचे, आणि आमची पोरं समोरच्या संघाला आणि बादलीला दोघांनाही चुकवत चढाई करायची. एकदा पंचांनी बादलीला हात लागला म्हणून गुण द्यायचा की नाही यावर बराच वेळ घातला होता. तरी मला ते स्टेडियम आवडायचं, खोटं कशाला बोलू. पाडताना मीही रडले, पण तोंड फिरवून, कारण शेजारी नवरा आनंदाने फुलला होता.

ह्यांच्या आनंदाचं कारण म्हणजे खांब.

पूर्वेकडच्या पायऱ्यांच्या पुढे, बरोब्बर मध्ये, एक जाडजूड खांब होता. तो तिथे का होता हे कुणालाच सांगता यायचं नाही. ठेकेदाराकडे एक खांब उरला, परत नेण्यापेक्षा इथेच उभा केला, असं लोक म्हणायचे. त्या खांबाच्या मागे बसलं की मैदान म्हणून काही दिसायचंच नाही, नुसता चुना दिसायचा. म्हणून ती जागा कायम रिकामी असायची.

आमचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. ह्यांची पिठाची गिरण. एका सामन्याच्या दिवशी गिऱ्हाइकं संपेनात, म्हणून हे उशिरा आले, भुवयांवर पीठ घेऊनच. जागा उरली होती ती एकच, खांबामागची. तिथे चडफडत बसले. आमचा संघ तोपर्यंत कणकवलीकडच्या संघापुढे टिकलाच नव्हता, आणि त्या दिवशी नेमका जिंकला. पुढच्या सामन्याला हे मुद्दाम लवकर जाऊन पहिल्या ओळीत बसले, आणि आमची पोरं अशी हरली की विचारू नका. तिसऱ्या वेळी कोणीतरी गमतीने ह्यांना खांबामागे ढकललं, आणि झाला की आमचा संघ विजयी! मग गंमत राहिली नाही. लोक ह्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याआधी गावकार म्हाताऱ्याने, म्हणजे गावच्या देवाच्या मानकऱ्याने, मॅटच्या कडेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत अशी, की म्हातारा देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि तो थांबला की जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो काय सांगतोय ते कोणी ऐकत नाही. पाळण्यात असल्यापासूनची सवय, समोरचा श्वास घ्यायला थांबला की तोंडातून आपोआप येतं. म्हाताऱ्याने पोरांचे हातपाय शाबूत ठेव म्हटलं, सगळे व्हय म्हाराजा. पंचांना बुद्धी दे म्हटलं, व्हय म्हाराजा. मग त्याच सुरात म्हणाला,

"आणि ह्यो खांब जवसर उभो आसा, तवसर ह्यो गिरणवालो खांबाच्या आड बसतलो आणि भायर डोकावचो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आमचे हे सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. खोबरं चावता चावता मी ह्यांना विचारलं, तुम्ही आत्ता कशाला होकार दिलात ते कळलं का? ह्यांना काही कळलं नव्हतं. खांब उभा आहे तोवर त्याच्याआड बसायचं, असं मी सांगितल्यावर खोबरं तसंच हातात राहिलं. पण देवापुढे शब्द गेला तो गेला. आणि हे देवाला घाबरतात, मला घाबरत नाहीत तेवढे.

तेव्हापासून ह्या माणसाने त्या स्टेडियममध्ये एकही सामना पाहिला नाही. चुकवलाही एकही नाही. गिरण बंद करायची, धुतलेला शर्ट घालायचा आणि खांबासमोर जाऊन बसायचं. मी शेजारी, खांबाच्या जरा बाहेर. पहिल्या दिवशी आरडाओरडा झाला तसं ह्यांनी माझं कोपर धरून विचारलं, काय झाला गो? मी माहेरची तारकर्लीची, कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, आपला तो लांबडा गेला, त्यांच्यातल्या एका जाड्याने त्याचा पाय धरला आणि सगळ्यांनी मिळून त्याला रापणीच्या जाळ्यासारखा ओढला. ह्यांनी मान हलवली आणि विचारलं, मगे?

ते ‘मगे’ मला भोवलं. मी बालवाडीत शिकवायचे, पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवून गोष्ट सांगायची सवय होतीच. हळूहळू जीभ सैल सुटली. खेळाडूंची नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून मी त्यांना मासळीची नावं दिली. सुळकन जाऊन येणारा तो बांगडा. कोपऱ्यात दबा धरून बसणारा आणि घोटा पकडला की न सोडणारा तो कुर्ली, म्हणजे खेकडा. पंच म्हणजे वाम, कधी कुठल्या बाजूला वळेल सांगता यायचं नाही. बांगडा आत शिरला, शेपटी हलवली, कुर्लीने डोळे बाहेर काढले, असं मी सांगत सुटायचे. साधी पकड असली तरी मी ती साधी ठेवायचे नाही. खांबाकडे बघत बसलेल्या माणसाला साधं काय सांगायचं? पुढे पुढे मागच्या पायरीवरची माणसंही, ज्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं ती, कान माझ्याकडे लावून बसायला लागली. आमच्या संघाचा कुर्ली बदलला, दुसरा आला, तिसरा आला, पण मी नाव तेच ठेवलं. ह्यांच्या मनातला कुर्ली कधी म्हातारा झालाच नाही.

पण ह्यांना बघायचं होतं. घरी येताना दर वेळी एकच. एकदा तरी त्या कुर्लीची पकड डोळ्यांनी बघूक व्हयी होती. मोबाईल आले तशी पोरं चित्रण दाखवायला यायची, हे तोंड फिरवायचे. देवाला फसवल्यासारखं होईल म्हणायचे. मग एकदा स्वतःच दाढीचा आरसा खिशात घालून आले. आरसा जरा बाहेर धरला, आणि त्याच क्षणी बांगड्याची मध्यरेषेवर पकड झाली. मागून कोणीतरी बघितलं. झालं! मध्यंतरात आमच्याभोवती पंधरावीस माणसं, आरशात बघणं म्हणजे बघणं की नाही यावर भांडत. गावकाराला बोलावून आणलं. त्याने आरसा उलटसुलट करून बघितला, आपली मिशी नीट केली, आणि बघणा ता बघणाच म्हणून आरसा जप्त केला. तो परत दिलाच नाही मेल्याने.

ह्यांनी त्याच्याकडे सोडवणुकीचं गाऱ्हाणंही मागितलं. तसं करता येतं, देवाला सांगून शब्द मागे घेता येतो. पण त्याला संघाची संमती हवी, आणि दरवर्षीचा कप्तान म्हणायचा, काका, एवढा वर्ष जावंदे. असं करता करता ह्यांचे केस पिकले, गावकार देवाघरी गेला, आणि शब्द ज्याने घातला त्यानेच सोडवायचा अशी रीत, म्हणून त्याच्याबरोबर सोडवणूकही गेली. त्या दिवशी हे खरंच रडले. लोकांना वाटलं, केवढी ही माया.

म्हणून जेव्हा ठरलं की छप्पर गंजून धोक्याचं झालंय, सगळं पाडून नवीन बांधायचं, तेव्हा गावात सुतक आणि आमच्या घरात दिवाळी. शब्द होता खांब उभा असेपर्यंतचा. हे त्या दिवशी जाऊन चष्म्याचा नंबर काढून आले. नवी फ्रेम. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी चष्मा बदलला नाही.

रविवारी बाजाराच्या मैदानात मांडव घालून स्पर्धा ठेवली होती, आणि पाडायचं काम गुरुवारी सुरू झालं. छप्पर उतरलं, भिंती पडल्या, पायऱ्यांचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून घरी नेले. एकाने संडासाचं दार नेलं, ते कुठल्या आठवणीसाठी ते त्यालाच ठाऊक. आणि शनिवारी सकाळी बघतो तर सगळीकडे सपाट, मध्ये तो खांब तेवढा उभा. अख्ख्या इमारतीत एवढी एकच गोष्ट मजबूत बांधली होती. जेसीबीवाला पिंगुळीचा, तो म्हणाला आता सोमवारी बघू. खांब उभा म्हणजे शब्दही उभा, ह्यांचा चेहरा उतरला. घरी येऊन किटली घेतली, खाजा बांधून घेतला आणि त्या माणसाच्या इतकं मागे लागले की शेवटी तो बिचारा कंटाळून चढला. संध्याकाळी खांब आडवा झाला तेव्हा ह्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच वाजवल्या. आता कळलं ना, बाजार का बोलत नाही ते?

रविवारी हे पहिल्या ओळीत. इस्त्रीचा शर्ट, नवा चष्मा, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी शेजारी तोंड मिटून बसले. मला उगाच भरून आलं होतं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते आज ह्यांना मिळणार, आणि आज माझं काही काम नाही. मागे पोरांची कुजबुज चालली होती की काका बघतायत, आज गेलो आपण.

सामना सुरू झाला. हे बघत होते. आमचा बांगडा गेला, हात लावून आला. मग कुर्लीने घोटा धरला, मांडव दणाणला, ज्याच्यासाठी आयुष्य घालवलं ती पकड डोळ्यांपुढे झाली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चष्मा पुसत होते. मला वाटलं डोळे भरले.

"ही कुर्ली?" हे हळूच म्हणाले. "ह्यो तर साधो पोरगो आसा."

मध्यंतरापर्यंत आमचा संघ बराच मागे पडला. हे आता मांडवाच्या कापडाकडे बघत होते. मी विचारलं, बरं नाही का वाटत? तर म्हणाले, सगळं फार लवकर होतं. माणूस जातो, येतो, संपलं. त्यात डोळे बाहेर काढणं नाही, शेपटी हलवणं नाही. दुसरा डाव सुरू व्हायच्या आत ह्यांनी उठून खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसले. नवा चष्मा काढून खिशात ठेवला.

"तू सांगतस ता बरा," म्हणाले. "सांग."

मी सांगायला लागले. बांगडा सुळकन गेला, तिघांच्या मधून वळला, कुर्ली वाळूत रुतून बसला, डोळे तेवढे वर. ह्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मागच्या ओळी पुढे सरकल्या. आणि आमच्या पोरांनी समोरचा अख्खा संघ बाद करून लोण दिला हो! मी रंगवून सांगत नाही, त्या दिवशी खरंच दिला, आणि सामना जिंकला.

अंतिम सामना संध्याकाळी होता. मॅटच्या कडेला नारळ ठेवला गेला. गावकाराचा पुतण्या आता गाऱ्हाणं घालतो. त्याने आमच्याकडे एक नजर टाकली तेव्हाच मी ओळखलं. हातपाय झाले, पंचांची बुद्धी झाली. मी हात वर उचलून तयारच ठेवला होता. ह्या खेपेला ह्यांचं तोंड दाबायचं, देव रागावला तर रागावला.

"आणि ही बाई जवसर सांगता," तो म्हणाला, "तवसर ह्यो माणूस मैदानाक पाठ करून हिच्या तोंडाकडे बघीत बसतलो, म्हाराजा!"

मी हात पुढे केला. ह्यांनी तो धरला, खाली घेतला, आपल्या मांडीवर ठेवला. ह्या खेपेला त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. आणि मग सगळ्यांच्या आधी, एकटेच म्हणाले,

"व्हय म्हाराजा."