प्रज्ञाताईंची जीप आणि माझा डावा-उजवा

प्रज्ञाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या मंडईत मेथी निवडत होते. ताईंच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं, सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच... जुडी तशीच टाकून निघाले. रिक्षात बसल्यावर डोक्यात पहिला विचार काय यावा? जीपचे ब्रेक राहिले. माणूस गेलंय आणि मला ब्रेक सुचतायत, म्हणून स्वतःचाच राग आला.

ताई माझ्या थोरल्या नणंद. नणंद म्हटलं की लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात, पण आमचं उलटं होतं. माझं आणि यांचं वाजलं की ताई माझ्या बाजूने, तेही पुरावे तपासून. पाटबंधारे खात्यात त्या ओव्हरसिअर होत्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. निम्मी नोकरी कालव्याच्या कडेने जीप हाकण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तसलीच एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. या वयात लोक बीपीचं मशीन घेतात, असं आमचे हे म्हणाले. तेही घेतलंय, डॅशबोर्डात ठेवलंय, असं ताईंनी शांतपणे सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात खडकवासल्याहून येताना पुढच्या चाकांना जळका वास यायला लागला. ब्रेक दाबल्यावर चाकाची तबकडी आवळून धरणारे ते लोखंडी चिमटे, कॅलिपर म्हणतात त्यांना, गंजून जाम झाले होते. नवे टाका म्हणणाऱ्यांना ताईंनी वाटेला लावलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून दोन्ही कॅलिपर स्वतः सोडवले, हवेच्या दाबाने आतले पिस्टन बाहेर काढले, पॉलिश पेपरने घासले, नवी रबरी सीलं ब्रेक ऑइलात बुडवून बोटांनी बसवली. मी हाताखाली. दोन्ही कॅलिपर दिसायला सारखे, म्हणून सोडवल्यावर लगेच मी त्यांना चिठ्ठ्या बांधल्या, ‘डावा’ आणि ‘उजवा’. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे. चिठ्ठ्या वाचून ताईंनी ते परत जागेवर चढवले.

मग ब्रेक ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची. मी आत बसून पेडल दाबायचं, ताईंनी चाकाशी बसून स्क्रू सैल करायचा. दाब... धर... सोड. तीन रविवार हेच चाललं. पेडल आपलं लोण्यात पाय घातल्यासारखं खाली. ताईंची बोटं अलीकडे थोडी थरथरायची. तिसऱ्या रविवारी त्या पायरीवर बसल्या आणि हात पुसत म्हणाल्या, “सुजाता, गाडी ठीक आहे गं. माझा हात गेला.”

मी काहीतरी समजूत घातली. त्यानंतर ताईंनी पान्याला हात लावला नाही. दोनच महिन्यांत त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर यांनी जीप भंगारात द्यायचं ठरवलं. माझा जीव तुटत होता, पण ब्रेक नसलेल्या गाडीची बाजू घेऊन भांडायचं तरी काय? ती ओढून न्यायला ताईंच्या ओळखीचे मेकॅनिक रफीकभाई आले. चाकाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला जवळ बोलावून विचारलं, हवा वर जाते की खाली? वर, मी म्हटलं. मग हवा काढायचा स्क्रू तळाशी कसा?

“वहिनी, डावीकडचा उजवीकडे लागलाय. काम एक नंबर झालंय, फक्त बाजू चुकली.”

चिठ्ठ्या बांधताना मी जीपकडे तोंड करून समोर उभी होते. माझा डावा तो डावा. आणि ताई जन्मभर गाडी चालवलेल्या, त्यांचा डावा-उजवा ड्रायव्हरच्या सीटवरून. चूक माझी, आणि हात गेल्याचं दुःख त्या बाईने केलं! मी तिथेच मटकन बसून रडले. यांना सगळं सांगितलं. यांनी भंगारवाल्याला फोन करून नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रफीकभाईंनी बाजू बदलून दिल्या. हवा मात्र मी काढते म्हटलं. आत हे बसले. मी स्क्रू सैल केला तर पारदर्शक नळीतून बुडबुडेच बुडबुडे... मग तेही थांबले. स्क्रू आवळून मी यांना दाबायला सांगितलं. “अगं, दगड लागला पायाला,” हे म्हणाले आणि खाली उतरून उगाच चष्मा पुसत राहिले.

ताईंची माफी मागायची राहिली. ती आता कुठे मागणार? म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी जीप चालवायला शिकतेय. हे शेजारी जीव मुठीत धरून बसतात. बाजू बदलताना रफीकभाईंनी विचारलं होतं, सीलं पण बदलून टाकू का? त्यांना हात लावायचा नाही, असं मी सांगितलं. ताईंच्या थरथरत्या बोटांनी बसवलीत ती. गेल्या रविवारी घाट उतरून आलो, तेव्हा मी गाडी थांबवून चाकाशी वाकून बघितलं. ऑइलचा एक थेंब गळलेला नव्हता.