चौथी पिन

"वेळ तू बघ, चढ मी बघतो," असं म्हणून ते सायकलच्या मीटरवर काळी चिकटपट्टी लावायचे. चढावर आकडे दिसले की पाय वाद घालायला लागतात, असं त्यांचं ठाम मत.

तुम्ही विचाराल, नेदरलँड्समध्ये चढ कुठला? बरोबर आहे. आमच्या डीमन गावातला हिमालय म्हणजे कालव्यावरचा सायकलींचा पूल. ते तो दर रविवारी चाळीस वेळा चढायचे. माझ्याच ऑफिसातले, माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे हे साताऱ्याकडचे गृहस्थ पन्नाशीनंतर आयर्लंडमधल्या एका शर्यतीची तयारी करत होते. हौशी लोकांची, पाच दिवसांची, आणि मध्ये खरेखुरे डोंगर.

"लहानपणी दारात घाट होता, पण सायकल नव्हती," ते म्हणायचे. "सायकल आली, तर घाट गेला. एक घाट तरी पायडल मारत चढायचाय, लेका."

पूल सोपा वाटायला लागला तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांची बाकफिट्स मागून आणली. पुढे मोठं लाकडी खोकं असलेली सायकल, इथले लोक तिच्यातून मुलं नेतात. आधी खोक्यात तांदळाच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. मग वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मी बायको म्हणून आलेय, वजन म्हणून नाही." शेवटी माझी निवड झाली. त्रेचाळीस वर्षांचा मी, गुडघे छातीशी घेऊन, घड्याळ समोर धरून बसलेला. कुत्रा फिरवणाऱ्या एका डच आजींनी फार काळजीने विचारलं, "तुमच्या मित्राला चालता येत नाही का?"

"येतं," हे धापा टाकत म्हणाले, "पण त्याला वेळ बघायची असते."

त्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. काट्यांचं, वडिलांनी दिलेलं. मी ते कुठेही गेलो तरी बदलत नाही. भारतात गेलो की मनातल्या मनात साडेतीन-साडेचार तास मिळवतो. आपल्यातले बरेच जण हे करतात. आयर्लंडमध्ये एक तास वजा करायचा. त्यात काय मोठंसं?

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी मोठा चढ होता. अडीचच्या आत माथ्यावर पोचायचं, नाहीतर शर्यतीतून बाद. मी भाड्याच्या गाडीतून गूळ-शेंगदाणे घेऊन मागे. आडवा पाऊस, रस्त्यावर मेंढ्या. हे इतके हळू चालले होते की एक मेंढी शेजारून चालत आली आणि पुढे निघून गेली. "जा बाई," हे तिला म्हणाले, "तुला दोन पाय जास्त आहेत."

माथा दोन किलोमीटर राहिला असताना त्यांनी वळून न बघताच ओरडून विचारलं, "वेळ?"

मी घड्याळ पाहिलं. "दोन तेहतीस! संपली!"

ते उतरले. गाडीत येऊन माझ्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "नंबर काढ." पाठीवरचा कागद चार पिनांनी लावलेला. तो काढला की खेळ संपला.

तिसरी पिन काढताना दोन सायकलवाले शेजारून वर गेले. वेळ संपली असेल, तर हे कशाला चढतायत? मी गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं. एक पस्तीस.

आता खरं सांगतो. पहिल्या तीन पिना चुकून निघाल्या. चौथी मी शुद्धीवर असताना काढली. हीटर चालू होता, बाहेर आडवा पाऊस होता, आणि 'मी चुकलो' म्हणायला लागणारी हिंमत त्या क्षणी माझ्याकडे नव्हती.

त्यानंतर चार वर्षं ती सायकल त्यांच्या बाल्कनीत उभी होती. हँडलवर वहिनींचे टॉवेल वाळायचे. गणपतीच्या आरतीनंतर कुणी विषय काढला की ते हसून म्हणायचे, "चढानेच सांगितलं, 'काका, वय झालं.'" मी मोदक वाढायला उठायचो.

ते कायमचे साताऱ्याला निघाले तेव्हा मी विमानतळावर सोडायला गेलो. वहिनी बॅगेच्या वजनावरून काउंटरवर भांडत होत्या. तेवढ्या वेळात सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मग विचारलं, "किती मिनिटं होती?"

"सत्तावन्न."

"आणि रस्ता दोन किलोमीटर." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "अरे, चालत गेलो असतो तरी पोचलो असतो!"

"हो."

"म्हणजे पाय..."

"पाय ठणठणीत होते. मी नव्हतो."

"गाढवा!" ते इतक्या जोरात ओरडले की रांगेतली दोन डच मुलं दचकली. "चार वर्षं गुडघ्यांना तेल चोळतोय मी!" आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला ती शिवी अजून चार वेळा ऐकावीशी वाटली.

"घड्याळ दे."

मी काढून दिलं. त्यांनी किल्ली ओढली, काटे सावकाश एक तास मागे फिरवले आणि घड्याळ स्वतःच माझ्या मनगटावर बांधलं.

"अहो, चला!" वहिनींची हाक आली. ते गेले. शेजारी सरकता जिना होता, तरी त्यांनी साधा जिनाच घेतला.

मी ते घड्याळ अजून पुढे केलेलं नाही; ते आयर्लंडच्याच वेळेवर आहे. आता रोज एक तास मिळवतो. मागच्या आठवड्यात विसरलो आणि मीटिंगला तासभर उशिरा पोचलो. मॅनेजरने विचारलं, घड्याळ बिघडलंय का?

म्हटलं, नाही, बरोबर आहे. फक्त इथलं नाही.