परवाना वडिलांच्या नावावर

मलकपेठेतल्या आमच्या लाकडाच्या वखारीत सकाळी मी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न वडिलांच्या तब्येतीचा असायचा. माणसं मायेनंच विचारायची, पण त्या मायेत धास्तीही असे. करवत मशीनचा परवाना वडिलांच्या नावावर होता. नवा कुणाला मिळत नव्हता, आणि माझं नाव लावण्याचा अर्ज वरच्या कचेरीत धूळ खात पडला होता. खेटे घालून मी वैतागले. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "फादर हैं ना अभी? तो चलाओ मॅडम."

म्हणजे वडील आहेत तोवर मशीन. ते गेले की सील.

एके काळी आदिलाबादच्या सागाचा ट्रक आला की वडील भरल्या ताटावरून उठायचे आणि आईची बोलणी खायचे. पुढे सरकारनं तिकडची तोड बंद केली. जंगल वाचवायचंय म्हणे. वाचवा ना, माझी कुठे ना आहे? पण मग परदेशातून बोटींनी लाकूड येतं ते कसं चालतं? तिकडची झाडं बहुतेक कारखान्यात होत असावीत! गौलीगुड्यातल्या ओळखीच्या वखारी एकेक करून बंद पडल्या आणि तिथे तयार दारांची दुकानं आली. चिडून काय होणार, असं सगळेच सांगायचे. मी तरी चिडायचेच.

वडिलांची किडनी गेली आणि एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. कोठीतल्या दवाखान्यात आमचे मिस्त्री दर खेपेला बिनमिठाची खिचडी घेऊन येत. त्यांची सगळी उमर साग चिरण्यात गेलेली. दुसरं काम त्यांना येत नव्हतं, आणि या वयात कुणी दिलंही नसतं.

वडील सुकत चालले होते. हातावर सुई टोचायला जागा राहिली नव्हती. "पुरे आता, बाळ," असं ते म्हणाले की मी त्यांच्यावर ओरडायचे. मला ते हवे होते. मशीनही हवं होतं. त्यातलं जास्त काय हवं होतं, हे मी स्वतःला विचारायला घाबरायचे.

एका दुपारी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मिस्त्रींचा हात धरून म्हणाले, "मिस्त्री, थक गया मैं. जाऊं क्या?"

मिस्त्रींनी डोळे पुसले. मग त्यांनी वडिलांचं पांघरूण नीट केलं.

"जाओ सेठ," ते म्हणाले. "हमारी फिकर नक्को करो."

त्यानंतर वडील सुईसाठी हात पुढे करेनात. आणि मी ओरडले नाही.