फेटा कोणी बांधायचा

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, गुरुवार, दुपारी तीन. हजर: बुलडाण्याचे वकीलसाहेब, म्हणजे सत्कारमूर्ती, पाटलांच्या थोरल्या पातीचे, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचे, कर्ते, धाकट्या पातीचे कर्ते, दोघांचे भाऊबंद, चवथीच्या मुली आणि त्यांच्या आया, आणि मी, चिखलीजवळच्या त्या गावातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका.

मुलींनाही इंग्रजी शिकवा, म्हणून वकीलसाहेब नागपूरच्या कौन्सिलात भांडले होते. त्यासाठीच सत्कार. आमच्या शाळेला इंग्रजीचा वर्ग मिळायचा तर दहा वडिलांच्या सह्या हव्या होत्या. नऊ झाल्या होत्या. दहावी थोरल्या पाटलांची. ते म्हणाले होते, "साहेबासमोरच करतो सही, बाई."

हार, नारळ, पानसुपारी, सगळं मी नेमून दिलं होतं. हारात झेंडू किती, हेसुद्धा विचारून घेतलं होतं. साहेबांना फेटा कोणी बांधायचा, हे मात्र कोणाला विचारलं नाही. मी मलकापूरची. वयानं मोठा त्याचा मान, एवढंच मला ठाऊक. धाकट्या पातीचे पाटील वयानं मोठे होते, म्हणून मी त्यांचं नाव वाचलं. त्या गावात मान वयाचा नसतो, पातीचा असतो.

धाकटे पाटील फेटा घेऊन उठले. थोरल्यांनी त्याचं दुसरं टोक धरलं.

"काका, केस पिकले म्हून मान मियत नसते. बसा खाली."

"बाईनं नाव माह्यं वाचलं. तुले ऐकू नाही आलं काय बे?"

"बाईले काय चारलं ते सांगा आधी!"

फेटा ताणला गेला आणि टर्रकन फाटला. धाकट्यांच्या पुतण्यानं खुर्ची उचलून थोरल्यांच्या डोक्यात घातली. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्यांनी त्या पुतण्याचा गळा सोडला नाही. मग कुंपणाच्या मेढी उपटल्या गेल्या. एकाचे दात ओट्यावर सांडले. एक जण पोट धरून पडला, त्याला पडल्यावरही लाथा बसत होत्या. बायांनी पदरात दगड भरले. मी मुलींना वर्गात कोंडलं, मोजलं, कडी घातली आणि परत आले.

तोवर वकीलसाहेब मध्ये पडले होते. कोणावर तरी उगारलेली मेढ त्यांच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. तो आवाज ऐकून मात्र सगळे थांबले.

त्यांना बैलगाडीत घालून चिखलीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "दहावी सही झाली का?"

पंधरा दिवसांनी मी थोरल्या पाटलांच्या घरी गेले. कपाळावरचे टाक्यांचे वण अजून लाल होते.

"त्याचं नाव वाचाले तुमाले कोनं सांगतलं? ते सांगा, मंग सही."

"कोणी नाही. मी वय पाहिलं. चूक माझी."

"मानासाठी वय कोनी पाह्यते काय? कोनाले तरी वाचवून राह्यल्या तुम्ही."

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही हेच. तिसऱ्यांदा त्यांनी पाणीही विचारलं नाही. खोटं नाव घेतलं असतं तर सही मिळाली असती, आणि त्या माणसाचं डोकं फुटलं असतं.

थोरल्या पाटलांची लेक चवथी पास होऊन, पुढचा वर्ग नाही म्हणून, वर्षभर घरात बसली आहे. आता तिच्यासाठी स्थळं पाहताहेत. नऊ सह्यांचा कागद माझ्या पेटीत आहे. सोमवारी पुन्हा जायचं आहे.