पाटीला हात

“आजी, जरा ओरडून दाखवा ना. बाजारात ओरडता तसं.”

आमच्या संस्थेचे सर माइकवरून बोलले आणि सभागृह हसलं. पुण्याच्या शनिवार पेठेतलं सभागृह. पुढच्या रांगेत अधिकारी, प्राध्यापक, दोन बिल्डर. मंचावर माझी आई. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

आईने पदर सारखा केला आणि हाळी दिली. “सोडे घ्या वो, बोंबील घ्याऽऽ!” लोकांनी मोबाइल वर केले. “वन्स मोर!” मागून कुणीतरी ओरडलं. आईने पुन्हा दिली. ती खूश होती. तिला वाटलं, गिऱ्हाईक आहे.

मी कोपऱ्यात उभी होते. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. आईला तिथं आणणारी मीच.

का आणलं ते सांगते. आमच्या संस्थेने माझ्याच शहराची, कोकणातल्या एका बंदराच्या शहराची पाहणी केली होती. कोण काय करतं, कशावर जगतं. अहवालात एक वाक्य होतं, ‘बंदरावरील वस्तीत महिलांचा अर्थव्यवस्थेतील सहभाग नगण्य.’ नगण्य. म्हणजे मोजायच्या लायकीचा नाही. पहाटे लिलावात मासळी घेणारी, ती दारोदार विकणारी, उरलेली वाळवणारी, त्यावर मला शिकवणारी माझी आई नगण्य.

झालं होतं असं, की पाहणीची पोरं सकाळी दहाला वस्तीत गेली. बायका सगळ्या बाजारात. घरी पुरुष, जाळी शिवत बसलेले.

“बायको काय करते?”

“काय नाय. घरीच असते.”

घरात बाई नाही, चूल थंड, आणि म्हणे घरीच असते. माझ्या बापानेही हेच सांगितलं. पोरांनी ते लिहून घेतलं. सांगणाऱ्याला लाज वाटली नाही आणि लिहिणाऱ्याने मान वर करून घरात पाहिलं नाही.

मी सरांकडे गेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “आपलं आपल्या आईवर प्रेम आहे, छान आहे. पण अहवाल प्रेमाने लिहीत नाहीत, मॅडम.” मग जरा विचार करून म्हणाले, “असं करा, अहवालाच्या प्रकाशनाला आईंना आणा. पाटीसकट. आणि पाटी भरलेली हवी. तेवढीच वातावरणनिर्मिती.”

पुण्यात मी पुष्कळ गिळलं होतं. कर्वेनगरच्या मालकीणबाईंनी खोली देण्याआधी माझी बॅग हुंगली होती. ऑफिसात माझ्या डब्यात मेथीची भाजी असली तरी खिडकी उघडायचे. हेही गिळलं. कारण मला वाटलं, आई समोर उभी राहिली की त्यांना ते वाक्य बदलावंच लागेल. मूर्ख मी.

आई एसटीने स्वारगेटला उतरली. सोललेल्या सुक्या कोळंबीचे सगळ्यात चांगले सोडे निवडून आणले होते तिने. “पुन्याची मानसा चांगला भाव देतील,” म्हणाली.

आमच्याकडे एक रीत आहे. मासळीवालीला हाक मारून पाटी उतरवायला लावली की काहीतरी घ्यायचंच, मूठभर सुकट का होईना. आणि ज्याने उतरवायला लावली त्यानेच ती परत डोक्यावर चढवायला हात लावायचा. भरली पाटी एकटीला चढवता येत नाही. हात न लावता घरात शिरणाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी थांबत नाही.

“आजी, पाटी उतरवा. सगळ्यांना बघू द्या,” सर म्हणाले.

आईने पाटी उतरवली, फडकं बाजूला केलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. कुणीतरी मोगऱ्याच्या वासाचा फवारा आणून थेट पाटीवर मारला. “चला, आता मूळ विषयाकडे वळू,” सर म्हणाले, आणि पडद्यावर तेच वाक्य आलं. एक अक्षर बदललं नव्हतं. आई पाटीशी वाकून उभी होती. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “काय गो, कोन घेनार नाय काय?”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी मंचावर चढले.

“सर, पाटी तुम्ही उतरवायला लावलीत. हात लावा.”

“काय?”

“पाटीला हात लावा. आईच्या डोक्यावर द्या.”

“अहो, कार्यक्रम चालू आहे. शिपायाला सांगा.”

“शिपायाने नाही उतरवायला लावली.”

आता कुणी हसत नव्हतं. सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. बोटांना वास लागेल याची भीती त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती. या माणसाने माझं शहर मोजलं होतं.

मग एका बाजूने आईने धरलं, एका बाजूने मी, आणि पाटी मी माझ्या डोक्यावर घेतली. ओळखपत्र माइकला अडकवलं. भर दुपारी शनिवार पेठेतून आम्ही दोघी चालत निघालो. सोडे फुकट गेले, त्यांना मोगऱ्याचा वास लागला होता.

मी आता बंदरावरच असते. नोकरीची हळहळ नाही. राग आहे, आणि तो मला विझू द्यायचा नाही. बापाला सांगून ठेवलंय, पुन्हा ‘घरीच असते’ म्हणालास तर त्या दिवशी भाकऱ्या तूच थाप. वस्तीतल्या बायकांनाही सांगितलंय. पुण्याहून कुणी विचारायला आलं तर दारात उत्तर द्यायचं नाही. पहाटे लिलावाला बोलवायचं आणि भरली पाटी त्याच्यासमोर ठेवायची. आधी हात लाव. डोक्यावर दे. मग विचार, मी काय करते ते.